ओसरी ते माजघर : नागपूर परिसरातील ख्रिस्ती मंडळी आणि नवागताचे स्वागत (१८४५–१९७०)

प्रस्तावना

नागपूरच्या पश्चिमेस नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसलेले कळमेश्वर हे तालुक्याचे ठिकाण आहे. संत्री आणि कापूस यांच्या या मुलुखात औद्योगिक वसाहत उभी राहिल्यानंतर परगावच्या कामगार-कुटुंबांची ये-जा वाढली. अशा गावात बदली होऊन आलेले ख्रिस्ती कुटुंब पहिल्या रविवारी उपासनेची जागा विचारीत जाते. शेजाऱ्याच्या निमंत्रणावरून, आजारपणातील प्रार्थनेच्या ओढीने अथवा निव्वळ कुतूहलाने ख्रिस्तेतर व्यक्तीही कधी उपासनेस येते. आलेल्या माणसाला कोठे बसवावे, त्याचे नाव कसे विचारावे, त्याला चहापाणी द्यावे की नाही आणि पुन्हा येण्याविषयी किती आग्रह करावा, हे प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचे वाटतात. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र याच प्रश्नांवरून न्यायालयात दावे उभे राहिले, प्रायश्चित्ते घेतली गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

प्रस्तुत निबंधात १८४५ ते १९७० या सव्वाशे वर्षांच्या कालखंडातील या प्रश्नाचा आढावा घेतला आहे. १८४५ हे नागपुरात स्कॉटिश मिशनचे कार्य सुरू झाल्याचे वर्ष होय. १९७० हे नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्याचे वर्ष होय. नागपूर हा अभ्यासाचा केंद्रबिंदू असला तरी मुंबई, पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील काही घटनांचाही विचार केला आहे. कारण त्यांचे पडसाद सर्वच मराठी ख्रिस्ती समाजात उमटले. उपासनेच्या जागी पाऊल टाकणे आणि धर्म स्वीकारणे या दोन गोष्टींमध्ये जेथे पुरेसे अंतर राखले गेले, तेथेच नवागताचे स्वागत निर्मळ व टिकाऊ ठरले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. 'मंडळी' आणि 'ओसरी'

मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्च या अर्थी 'मंडळी' हा शब्द रूढ आहे. बायबलच्या मराठी भाषांतरातही भाविकांच्या समुदायासाठी हाच शब्द योजलेला आहे. या शब्दाचा नित्याच्या व्यवहारातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. 'घरची मंडळी', 'पाहुणे मंडळी', 'या, मंडळी' अशा प्रयोगांत घरचे आणि बाहेरचे दोघेही या एकाच शब्दात सामावतात. वास्तूपेक्षा माणसांना महत्त्व देणारा आणि पाहुण्याला वगळून न ठेवणारा हा शब्द आहे.

मराठी घराची रचना मात्र इतकी मोकळी नव्हती. परक्या माणसाचे स्वागत ओसरीवर होई. वऱ्हाड-नागपूरकडे तिलाच सपरी म्हणतात. तेथे त्याला बसावयास घोंगडी अथवा सतरंजी आणि प्यावयास गूळपाणी मिळे. माजघरापर्यंत नात्यागोत्याचा मनुष्य जाई. स्वयंपाकघर आणि देवघर येथे जातीचे व सोवळ्याचे नियम लागू होत. पाहुणा किती आत येऊ शकतो, हे त्याच्या ओळखीवर आणि जातीवर ठरे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर ओसरीही मिळत नसे. तो अंगणातच उभा राही.

प्राचीन ख्रिस्ती उपासनेतही अशी पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था होती. बाप्तिस्म्याची तयारी करणारे शिक्षणार्थी शास्त्रवाचन व प्रवचन ऐकत. प्रभुभोजनाचा विधी सुरू होण्यापूर्वी त्यांना निरोप दिला जाई. त्याच परंपरेत दुसरा प्रवाहही तितकाच प्रबळ होता. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कठोर कानउघाडणी केली आहे. तिसऱ्या शतकातील 'डिडास्कालिया' या सिरियातील नियमग्रंथाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, जागा नसताना गरीब मनुष्य आला तर स्वतः बिशपने आपले आसन त्याला द्यावे, मग त्याला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. म्हणजे पवित्र विधीपर्यंत पोहोचण्यास पायऱ्या होत्या; परंतु मान देण्यात पायऱ्या नसाव्यात, असा दंडक होता.

मराठी मुलुखात ख्रिस्ती उपासना आली तेव्हा या दोन व्यवस्था एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मराठी समाजात मान जातीनुसार विभागलेला होता आणि मंडळीला तो सर्वांना सारखा द्यावयाचा होता. पुढील सर्व घटनांच्या मुळाशी हा संघर्ष आहे.

२. नागपूर व कामठी : पहिली दारे

स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्या वेळी नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि जवळच कामठी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. छावणीतील पलटणी मद्रास लष्कराच्या असल्याने तेथे तमिळ व तेलुगू बोलणारे शिपाई, नोकरचाकर आणि व्यापारी यांची वस्ती होती. त्यामुळे नागपूर परिसरातील ख्रिस्ती उपासना आरंभापासूनच बहुभाषिक राहिली. येथील पहिल्या उपासकांपैकी पुष्कळ जण स्वतःच परमुलुखातून आलेले होते, ही गोष्ट नवागतांच्या इतिहासात महत्त्वाची ठरते.

हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा सुरू केली. त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज स्थापन झाले. पुढे स्त्रियांसाठी म्युअर मेमोरियल रुग्णालयही उभे राहिले. या संस्थांकडे सामाजिक रचनेच्या दृष्टीने पाहिले तर त्या मंडळीच्या ओसरीसारख्या होत्या, असे म्हणता येते. शाळेत अथवा रुग्णालयात येणाऱ्या माणसाला धर्म न सोडता मिशनच्या आवारात येण्याचे कारण मिळे. तो तेथे प्रार्थना ऐके, माणसांना ओळखू लागे आणि परत घरी जाई. अशा हजारोंपैकी बाप्तिस्म्यापर्यंत जाणारे अगदी थोडे होते. मिशनच्या हिशेबाने हे अपयश वाटले तरी, बहुसंख्य लोक ओसरीवरूनच परत जातात आणि तरीही ओसरी उघडी राहते, हे नागपूरच्या समाजजीवनाला या संस्थांनी दिलेले मोठे देणे होय.

हिस्लॉप ज्या परंपरेतून आले त्या प्रेस्बिटेरियन परंपरेत प्रवचनाला कोणासही मुभा होती. प्रभुभोजनाची मेज मात्र राखीव होती. स्कॉटलंडमध्ये वडीलवर्ग पात्र सभासदांना धातूचे बिल्ले देत आणि ते दाखवूनच मेजेपाशी जाता येई. सभा सर्वांसाठी खुली व विधी सभासदांपुरता, ही विभागणी येथेही आली. तिचा एक लाभ असा की, प्रवचन ऐकावयास आलेल्या हिंदू अथवा मुसलमान श्रोत्यावर विधीत सहभागी होण्याचे दडपण येत नसे.

आणखी एक बाब नोंदविण्यासारखी आहे. यजमान होण्यापूर्वी मिशनरी व देशी प्रचारक स्वतः पाहुणे होते. हिवाळ्यात खेडोपाडी फिरताना ते गावाच्या चावडीवर, झाडाखाली अथवा तंबूत उतरत आणि गावकऱ्यांच्या अगत्यावर अवलंबून राहत. हिस्लॉप यांनी भूगर्भशास्त्र, गोंड समाज आणि नागपूर भागातील शिळावर्तुळे यांचा अभ्यास याच भटकंतीत केला. टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना सप्टेंबर १८६३ मध्ये बोरीजवळच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला.

आश्रय देणे हा प्रकार मात्र ओसरीच्या पलीकडचा होता. १८४० च्या दशकाच्या अखेरीस धर्मांतरास इच्छुक असलेल्या तरुणाला मिशनने आश्रय देण्यावरून भोसले दरबार, इंग्रज रेसिडेंट आणि मिशन यांच्यात वाद झाला. असाच संघर्ष मुंबईत आधी होऊन गेला होता. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मिशनमध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून न्यायालयात प्रकरण गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहावयास गेला होता. न्यायालयाने श्रीपतला आईवडिलांच्या स्वाधीन केले. मिशनच्या घरी अन्न घेतल्यामुळे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, असा वाद उद्भवला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला.

या प्रकरणांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे आलेल्याचे वय आणि त्याची स्वतंत्र संमती हा स्वागताच्या नीतीचा पहिला प्रश्न होता. दुसरी म्हणजे, श्रीपतने बाप्तिस्मा घेतलाच नव्हता. तरी केवळ अन्नपाण्यामुळे तो जातीबाहेर गेला असे समाजाने मानले. मराठीत धर्मांतरासाठी 'बाटणे' हे क्रियापद वापरले जाई. त्याचा मूळ रोख विटाळाकडे आहे. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटविल्याच्या कथा उत्तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या याच समजुतीतून. श्रद्धा बदलण्याआधीच माणूस पाण्याच्या घोटाने बदलतो, अशी धारणा असलेल्या समाजात पाहुण्याला पाणी विचारणे हीच सर्वांत जोखमीची गोष्ट ठरली.

३. पंचहौद मिशनचा चहा

या जोखमीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्यात घडले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांना बोलाविण्यात आले. यामागे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा पुढाकार होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे आमंत्रितांत होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रातून प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराच्या धाकाने घराघरांत वितुष्ट आले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल त्यांना सुधारकांची टीका सोसावी लागली.

पंचहौद ग्रामण्याची चर्चा सामान्यतः सुधारक व सनातनी यांच्या वादाच्या संदर्भात केली जाते. स्वागताच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातून वेगळाच बोध होतो. यजमानांच्या रीतीप्रमाणे व्याख्यानानंतर चहा देणे हे साधे सौजन्य होते. त्या सौजन्याची किंमत मात्र पाहुण्यांना चुकवावी लागली. त्या पेल्यामागे कोणताही धार्मिक हेतू नव्हता असे मानले, तरी पाहुण्याच्या समाजात त्या पेल्याचा अर्थ काय होतो याचे भान यजमानाने ठेवावयास हवे होते. अगत्याचे मोल यजमानाच्या हेतूवर जितके अवलंबून असते तितकेच ते पाहुण्यावर पडणाऱ्या भारावरही अवलंबून असते.

या घटनेची दुसरी बाजूही आहे. चहा नाकारणाऱ्या पाहुण्याला दुखवू नये हे जितके खरे, तितकेच चहा घेऊ इच्छिणाऱ्याला समाजाने शिक्षा करू नये हेही खरे. अस्पृश्य मानलेल्या जातींतून मंडळीत आलेल्यांना तोच पेला अगदी निराळा दिसत होता. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्यांना इतरांच्या पंक्तीत बसवून दिलेले पाणी ही माणुसकीची पहिली पावती होती. त्याच चहाच्या पेल्यात पुण्याच्या गृहस्थांना बहिष्काराची भीती होती आणि दलित नवागताला प्रतिष्ठेचा अनुभव होता. मराठी मंडळीला या दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवावयाचे होते.

४. टिळक दांपत्य : मधल्या वाटेचा शोध

या अवघड प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर शोधण्याचा प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी केला. त्यांच्या जीवनातील निर्णायक वळण नागपूरशी जोडलेले आहे. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथसंपादनाचे काम करीत आणि 'ऋषि' हे मासिक चालवीत. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने टिळकांशी काव्याविषयी संवाद केला आणि नव्या कराराची प्रत भेट दिली. पुस्तक वाचण्यास कोणतीही सक्ती नव्हती व दोघांच्या वाटा लगेच वेगळ्या झाल्या. वाचन, पत्रव्यवहार आणि विचार यांत पुढचा काळ गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा प्रवास याहून दीर्घ होता. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर त्या त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी आरंभी त्यांनी सोवळेओवळे सोडले नाही. स्वयंपाक व पाणी वेगळेच ठेवले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ विलक्षण प्रांजळपणे आणि विनोदाने वर्णिला आहे. ख्रिस्ती वस्तीत राहून ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या हातचे पाणी न घेणारी ही स्त्री मंडळीच्या दृष्टीने अवघड पाहुणी होती. तिच्यावर धर्म लादला गेला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय तिने स्वतःच्या विचाराने घेतला, अन्नपाण्याचा निर्बंध स्वतःच सोडला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मंडळीच्या ओसरीवर एखाद्याला किती काळ राहू द्यावे, या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या चरित्रात सापडते. त्या माणसाला जितका काळ लागेल तितका, असे ते उत्तर होय.

स्वतः टिळकांनी या अनुभवातून उपासनेचे रूप मराठी करण्यावर भर दिला. अभंग, भजन आणि कीर्तन या रचनांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्या आधीपासून रुजू लागली होती; टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. कीर्तनाचे सामाजिक स्थान ध्यानात घेतले तर याचे महत्त्व कळते. कीर्तनाला कोणीही येऊन बसतो, मन मानेल तेव्हा उठून जातो. त्याला नाव विचारले जात नाही आणि सभासदत्व द्यावे लागत नाही. ऐकणे एवढीच अट असते. परक्या माणसाला ओळखीच्या चालीत अनोळखी कथा ऐकावयास मिळते. ख्रिस्ती उपासनेला मराठी ओसरी लाभली ती कीर्तनाच्या रूपाने, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. टिळकांची अनेक पदे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही विविध पंथांच्या मराठी मंडळ्यांत गाइली जातात.

१९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' या बंधुत्वाची स्थापना केली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मित व अबाप्तिस्मित अशा दोघांनाही त्यात स्थान होते. मिशनच्या चौकटीत काम करणाऱ्यांना ही कल्पना धाडसी वाटली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला संस्थेचे स्थैर्य लाभण्यास अवधी मिळाला नाही. तरीही आत-बाहेर अशी सरळ रेषा न आखता मधली जागा सन्मानाने मान्य करण्याचा मराठी ख्रिस्ती इतिहासातील हा सर्वांत स्पष्ट प्रयत्न होय.

५. संशयाचा काळ : १९५४–१९५६

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला राजकीय परिमाण लाभले. त्या वेळी नागपूर हे मध्य प्रदेश राज्याचे राजधानीचे शहर होते. १९५४ मध्ये राज्य सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्धा येथील प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे समितीतील ख्रिस्ती सदस्य होते. समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या आणि १९५६ मध्ये अहवाल सादर केला. शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग केला जातो, हा अहवालातील मुख्य आक्षेप होता. ख्रिस्ती संस्थांनी समितीची पद्धत व निष्कर्ष पक्षपाती असल्याचे सांगून ते अमान्य केले.

अहवालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. स्वागताच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. ज्यांना वर मंडळीची ओसरी म्हटले, त्या संस्थांच्या हेतूविषयीच शंका घेतली गेली. ओसरी ही घराची मोकळी जागा आहे की सापळ्याचे तोंड आहे, असा तो प्रश्न होता. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनने सांभाळलेल्या अनाथांविषयी 'पोटासाठी बाटले' असे हिणवले जाई. तोच संशय आता सरकारी भाषेत मांडला गेला. अशा वातावरणात दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे मंडळीही संशयाने पाहू लागणे स्वाभाविक होते. त्यामुळे अगत्य दोन्ही बाजूंनी आक्रसले.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. भारतातील चर्चमध्ये जातिभेद टिकून राहिला, या वस्तुस्थितीवर त्यांनी आपल्या लेखनात बोट ठेवले होते. ही टीका नियोगी अहवालाहून मूलगामी होती. अहवालाने मंडळीच्या बाहेरच्या दारासंबंधी शंका घेतली. आंबेडकरांची टीका आत आल्यानंतर माणसाला कोणती जागा मिळते, यासंबंधी होती. दारात हार घालून पंक्तीत मात्र वेगळे बसविणारे स्वागत हे स्वागतच नव्हे, हा त्या टीकेचा आशय होता.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्यही दिले आहे. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्यावरून उद्भवलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्णय दिला की, प्रसाराचा अधिकार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडण्याचा अधिकार. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार त्यात येत नाही. या निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली आहे. उपासनेला येणे, ऐकणे आणि परत जाणे हे मात्र त्या चर्चेच्या पलीकडचे, निर्विवाद असे नागरिकाचे स्वातंत्र्य आहे.

६. भाषा आणि एकीकरण : १९६३–१९७०

यानंतरच्या दशकात मंडळीच्या अंतर्गत दोन महत्त्वाचे बदल घडले. पहिला रोमन कॅथलिक परंपरेत घडला. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला होता आणि फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाच्या मिशनऱ्यांनी या भागात शिक्षणाचे मोठे कार्य केले होते. मात्र मिस्सा लॅटिनमध्ये होई. प्रथमच आलेल्या मराठी माणसाला मेणबत्त्या, धूप आणि गांभीर्य जाणवे. शब्द मात्र कळत नसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीत लोकभाषेच्या वापरास वाट मोकळी करून दिली. नवागताच्या दृष्टीने त्याच्या भाषेत बोलणे याहून मोठे स्वागत नाही. याच परिषदेच्या निर्देशानुसार प्रौढ शिक्षणार्थींचा टप्प्याटप्प्याचा प्राचीन विधी पुनरुज्जीवित झाला. त्याचे सुधारित रूप १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. दार व बाप्तिस्मा यांमधील अंतराला त्यामुळे पुन्हा मान्यता मिळाली.

दुसरा बदल प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणाचा. एका पंथाचा सभासद दुसऱ्या पंथाच्या उपासनेत गेला तर तो तेथे पाहुणाच असे आणि काही ठिकाणी त्याला प्रभुभोजनात सहभागी होता येत नसे. बदलीच्या नोकरीतील रेल्वे कर्मचारी, शिक्षक, परिचारिका यांना याचा अनुभव नित्य येई. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे एकीकरण होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया अस्तित्वात आले. पुढे दीर्घ वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती या चर्चने मान्य केल्या. शतकभर एकमेकांच्या ओसरीवर बसणारे लोक त्या दिवशी एका माजघरात आले. जी मंडळी आपसांतील परकेपणा संपवू शकत नाही तिला बाहेरच्याचे स्वागत करता येत नाही. म्हणून ही घटना प्रस्तुत विषयाशी निगडित आहे.

७. आजच्या प्रथांविषयी

या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या काही प्रथा तपासून पाहता येतात. अनेक मंडळ्यांत उपासनेच्या शेवटी प्रथमच आलेल्यांना उभे राहण्यास सांगतात, नाव-गाव विचारतात, टाळ्या वाजवून अथवा फूल देऊन स्वागत करतात आणि नोंदवहीत दूरध्वनी क्रमांक लिहून घेतात. बदलीवर आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला हे अगत्य हवेसे वाटते. कुटुंबाला न सांगता आलेल्या अथवा मनात अजून कोणताच निर्णय नसलेल्या माणसाला मात्र चारचौघांत उभे केले जाण्याचा संकोच वाटतो. मराठी समाजात आडनाव विचारणे हे पुष्कळदा जात विचारण्याचेच दुसरे रूप असते. त्यामुळे दारातील पहिलाच प्रश्न 'आडनाव काय?' असा असेल तर ज्या भेदाला मंडळीने नाकारले, तोच भेद नकळत दारात पहारेकरी होऊन बसतो.

कळमेश्वरसारख्या लहान गावात तर सर्वजण एकमेकांना ओळखतात. कोण कोणाच्या दारात गेला ही बातमी सायंकाळपर्यंत बाजारात पोहोचते. शहरातल्या गर्दीत नवागत निनावी राहू शकतो. येथे ते शक्य नसते. म्हणून येथील मंडळीवर जबाबदारी अधिक आहे. बसावयास जागा, हातात गीतपुस्तक, चालू असलेले पद काढून देणारा शेजारी, चहा विचारणे आणि नकार आला तर तो सहजपणे स्वीकारणे, एवढ्याने स्वागत पुरे होते. पुढचे बोलणे पाहुण्याने सुरू करावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी समाजात अन्नपाण्याला धर्मांतराचा अर्थ चिकटलेला असल्याने ख्रिस्ती मंडळीच्या साध्या अगत्यालाही सामाजिक परिणाम होते. श्रीपत शेषाद्री प्रकरण व पंचहौद ग्रामण्य ही त्याची ठळक उदाहरणे होत.

२) नागपुरातील शाळा, महाविद्यालय व रुग्णालय यांनी मंडळी आणि समाज यांच्यामध्ये ओसरीचे कार्य केले. त्यांच्या हेतूविषयी १९५६ मध्ये शंका घेतली गेली. परत जाणाऱ्यांसाठीही या संस्था खुल्या राहिल्या, यातच त्या शंकेचे उत्तर आहे.

३) कीर्तन, अभंग आणि देवाचा दरबार यांद्वारे नारायण वामन टिळकांनी निर्णयाची सक्ती नसलेली मधली जागा निर्माण करण्याचा प्रयत्न केला. लक्ष्मीबाईंचा प्रवास अशा जागेची गरज सिद्ध करतो.

४) आत आलेल्याला जातिनिरपेक्ष समान स्थान मिळाले नाही तर दारातील स्वागत निरर्थक ठरते. डॉ. आंबेडकरांच्या टीकेचे हे सार मंडळीने आपल्या आत्मपरीक्षणाचा भाग मानणे आवश्यक आहे.

५) लोकभाषेतील उपासना आणि १९७० चे एकीकरण यांमुळे नवागताचा परकेपणा कमी झाला.

पाहुण्याला बसावयास जागा द्यावी, त्याला परत जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि तो पुन्हा आला तर त्याची जागा इतरांच्या बरोबरीची असावी, या तीन गोष्टी सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून निष्पन्न होतात. पहिली गोष्ट सर्वच घरे करतात. दुसरी आणि तिसरी साधली तरच एखाद्या समुदायाला मराठीतील 'मंडळी' हा शब्द शोभून दिसतो.